धाराशिव लेण्यांचा १८७८ चा प्लॅन आजही उघडतो, जेम्स बर्जेसने असं काय केलं होतं?

नवीन घर बांधायला काढलेल्या कुणालाही विचारा, हा किस्सा थोड्याफार फरकाने ऐकायला मिळेलच.

आर्किटेक्टने प्लॅनची फाइल पाठवली, ती मोबाइलवर उघडेना. मग त्याने स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला. फोटो उघडला, पण झूम केल्यावर आकडे वाचता येईनात. शेवटी पीडीएफ आली. ती घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेलात, त्याने कागदावर बसेल अशी करून छापली आणि मिस्त्रीने त्यावर पट्टी ठेवली, तर दहा फुटांची खोली सव्वानऊ फुटांची भरली.

आता दुसरी गोष्ट बघा. धाराशिव शहरापासून साधारण ८ किलोमीटरवर बालाघाटच्या डोंगरात सात लेणी आहेत. या लेण्यांची मोजणी १८७५-७६ च्या हंगामात झाली आणि तिचा अहवाल १८७८ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. मोजणी करणारे, दगडावर ड्रॉइंग उतरवणारे, छापणारे यांतलं आज कुणीही नाही. पण आजचा एखादा विद्यार्थी त्या पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत मोबाइलवर उघडतो, लेण्याच्या आराखड्याखालची पट्टी बघतो आणि सभागृह किती फुटांचं आहे ते स्वतः मोजू शकतो.

हे काम ज्याच्या नावावर आहे तो माणूस आर्किटेक्ट नव्हता आणि इंजिनिअरही नव्हता. तो गणिताचा मास्तर होता. नाव जेम्स बर्जेस.

गणिताचा मास्तर लेण्यांकडे कसा वळला?

बर्जेसचा जन्म १४ ऑगस्ट १८३२ चा, स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीजशायर परगण्यातल्या कर्कमाहो गावचा. शिक्षण डम्फ्रीज, ग्लासगो आणि एडिंबरा इथं झालं. १८५५ मध्ये तो कलकत्त्याच्या डव्हटन कॉलेजात गणित शिकवायला भारतात आला. १८६१ मध्ये मुंबईत आला आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाच्या पारशी शाळेचा मुख्याध्यापक झाला. पुढं काही वर्षं तो बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीचा सेक्रेटरीही होता.

म्हणजे दिवसभर शाळा, आणि उरलेल्या वेळात नकाशे, प्रवासवर्णनं, जुन्या वास्तू. सुट्टी मिळाली की तो सौराष्ट्रात किंवा घारापुरीला जायचा. १८६९ मध्ये त्याचं शत्रुंजयच्या मंदिरांवरचं पुस्तक आलं आणि १८७१ मध्ये घारापुरीच्या लेण्यांवरचं. या दोन्ही पुस्तकांत फोटो होते. त्या काळी मजकुराबरोबर फोटो छापण्याची सोय नव्हती. प्रत्येक प्रतीसाठी वेगळा फोटो धुवून तो पानावर हाताने चिकटवावा लागायचा. साहजिकच अशा पुस्तकाच्या प्रती थोड्याच निघायच्या आणि किंमत वाढायची.

खर्चापेक्षाही मोठी अडचण होती. फोटो दिसायला छान, पण त्यावरून माप घेता येत नाही. जवळचा खांब मोठा दिसतो, लांबचा बारीक दिसतो. लेण्याच्या आत अंधार असतो, मागची भिंत काळी येते. पाहणाऱ्याला जागेचा अंदाज येतो, पण गाभारा सभागृहाच्या मधोमध आहे की जरा डावीकडे सरकलाय, हे फोटो सांगत नाही. आज साइटचा फोटो पाठवून त्यावरून खिडकीचं माप काढा म्हणणारे क्लायंट असतात, त्यांच्यासमोरची अडचण नेमकी हीच आहे.

एकच प्रत, आणि ती लंडनला

बर्जेस मुंबईत असतानाच एक घटना घडली होती आणि जुन्या वास्तूंवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत होती.

मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमला गेला. जंगलातल्या त्या घळीत त्याने वर्षानुवर्षं काढली. मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात केलेल्या प्रती लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या गेल्या. ३० डिसेंबर १८६६ ला तिथं आग लागली. मोजकी चित्रं सोडली तर सगळी जळाली.

मग १८७२ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा करू लागला. त्या प्रतीही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातल्या बऱ्याच नष्ट झाल्या. एकाच लेण्याच्या प्रती दोनदा आगीत जाव्यात, हे जरा जास्तच झालं. पण दोन्ही वेळी कारण सारखंच होतं. वस्तू सुंदर होती, पण ती एकच होती.

गिलच्या काही चित्रांवरून आगीच्या आधी एका पुस्तकासाठी छोटी रेखाचित्रं छापली गेली होती. रंग नाही, आकार लहान, तपशील कमी. मूळ प्रती जळाल्यावर त्या चित्रांची आठवण म्हणून हीच हलकी, छापील रूपं शिल्लक राहिली. बर्जेसने पुढं १८७९ मध्ये अजिंठ्यावर टिपणांचं पुस्तक काढलं, तेव्हा कुठल्या लेण्यात कोणत्या भिंतीवर काय दिसतं, याची शब्दांत नोंद करण्यावर त्याने मेहनत घेतली. शब्दांना रंग नसतो, पण छापखान्यातून शब्दांच्या शेकडो प्रती निघतात.

क्लायंट कोण होता?

१८७४ मध्ये मुंबई सरकारने पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम बर्जेसकडे सोपवलं. पहिला हंगाम बेळगाव आणि कलादगी भागात, दुसरा काठेवाड आणि कच्छमध्ये. तिसरा हंगाम निझामाच्या राज्यातल्या बीदर आणि औरंगाबाद भागात. धाराशिव या तिसऱ्या हंगामात येतं.

पद्धत साधारण अशी: थंडीत फिरायचं, मोजायचं, ठसे आणि फोटो घ्यायचे. ऊन आणि पावसाळा आला की ऑफिसात बसून ती मोजमापं शाईने स्वच्छ काढायची. टेप, दोरी, ओळंबा आणि वही घेऊन लेण्यात शिरायचं, खांबांमधली अंतरं, भिंतींची जाडी, दरवाजांच्या चौकटी टिपायच्या. डोंगरात कोरलेल्या खोल्या कागदावर वाटतात तशा काटकोनी नसतात. एक भिंत जरा तिरकी जाते, मागची बाजू पुढच्यापेक्षा रुंद निघते. चार कोपरे मोजून भागत नाही, तिरपी मापंही घ्यावी लागतात. गणिताच्या मास्तरची इथं गरज होती.

पण ही ड्रॉइंग बघणार कोण? सरकारी अधिकाऱ्याला पैसे कुठं गेले ते बघायचं होतं. लंडनमध्ये जेम्स फर्ग्युसन होता, भारतीय वास्तुकलेवरचं त्या काळचं मोठं नाव. त्याला एका लेण्याचा आराखडा दुसऱ्याशेजारी ठेवून तुलना करायची होती. युरोपातल्या संस्कृत पंडितांना शिलालेख वाचायचे होते. यातल्या बहुतेकांपैकी कुणीही धाराशिवला कधी येणार नव्हतं. शंका आली म्हणून विचारायची सोय नव्हती. पत्र बोटीने जायचं, उत्तर यायला महिने लागायचे.

म्हणून कागदावर सगळं असायला हवं. आराखडा म्हणजे प्लॅन, उभा छेद म्हणजे सेक्शन, दर्शनी बाजू म्हणजे एलिव्हेशन. कुठल्या लेण्याचं ते नाव आणि क्रमांक. आणि खाली फुटांची पट्टी.

या पट्टीवर थोडं थांबायला हवं. ड्रॉइंगखाली नुसतं एक इंच बरोबर दहा फूट असं लिहिलं, तर ते वाक्य मूळ कागदापुरतंच खरं असतं. छापखान्याने ड्रॉइंग पानात बसवायला लहान केलं की वाक्य खोटं पडतं, आणि ते खोटं पडलंय हे कुणाला कळतही नाही. पट्टी मात्र ड्रॉइंगचाच भाग असते. ड्रॉइंग अर्ध्यावर आलं तर पट्टीही अर्ध्यावर येते. मोजमाप टिकतं. बर्जेसच्या पुस्तकाचा फोटो मोबाइलवर कितीही लहान-मोठा करा, हिशोब जुळतो. सुरुवातीच्या किश्शातल्या मिस्त्रीच्या हातात अशी पट्टी असलेला कागद असता, तर पाऊण फुटाचा घोळ तिथंच लक्षात आला असता.

कुठल्या रूपात छापायचं?

शाईने काढलेलं ड्रॉइंग पुस्तकात न्यायचे तेव्हा दोन-तीन मार्ग होते.

जुना मार्ग लाकडी ठोकळ्याचा. कारागीर ड्रॉइंग लाकडावर उलटं कोरणार आणि तो ठोकळा मजकुराच्या खिळ्यांबरोबरच छापता येणार. वाचताना चित्र शेजारीच दिसतं, ही सोय मोठी. पण आकार लहान, आणि बारीक रेघ कोरणाऱ्याच्या हाताच्या भरवशावर.

दुसरा मार्ग शिळाछापाचा. दगडावर तेलकट शाईने रेघ काढायची, दगड ओला करायचा, छपाईची शाई फक्त तेलकट जागी धरते. मोठं पान, स्पष्ट रेघ. पण इथंही कुणीतरी ड्रॉइंग पुन्हा काढणार, म्हणजे चुकायला जागा.

तिसरा मार्ग तेव्हा नवा होता: ड्रॉइंगचाच फोटो घेऊन तो दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा. मध्ये नकलाकार नाही. पुण्यात सरकारचं फोटोझिंकोग्राफिक ऑफिस या पद्धतीने नकाशे छापायचं. लंडनमध्ये विल्यम ग्रिग्ज फोटोलिथोग्राफीत नावाजलेला होता आणि बर्जेसच्या कामाशी त्याचं नाव पुढं अनेक वर्षं जोडलेलं राहिलं.

बर्जेसने एकाच मार्गाला चिकटून राहण्याचा हट्ट धरला नाही. १८८० मध्ये फर्ग्युसन आणि त्याने मिळून भारतातल्या लेण्यांवरचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात मजकुराच्या मध्ये छोटे लाकडी ठसे आहेत आणि शेवटी मोठ्या पानांवर प्लेट्स आहेत. वाचणाऱ्यासाठी एक रूप, मोजणाऱ्यासाठी दुसरं.

आजच्या भाषेत सांगायचं तर मोजणीची वही म्हणजे आपली डीडब्ल्यूजी फाइल. तिच्यात बदल करता येतो, म्हणून ती स्वतःकडे ठेवायची, किंवा ज्याला त्यात पुढं काम करायचंय अशा इंजिनिअरलाच द्यायची. क्लायंटच्या फोनवर ती बहुतेक वेळा उघडत नाही, आणि उघडली तरी फॉन्ट गायब असतात. खोलीचं नाव जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलं असेल तर देवघराच्या जागी भलतीच अक्षरं येतात. क्लायंटला पाठवायची ती पीडीएफ. १९९३ मध्ये आलेला हा प्रकार २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. अनेक वर्षं जपून ठेवायच्या कागदांसाठी त्याचा पीडीएफ-ए हा उपप्रकार त्याआधीच, २००५ मध्ये, मानक म्हणून आला होता. त्यात फॉन्ट फाइलच्या आतच बांधून द्यावे लागतात. ग्रिल किंवा जाळी कापणाऱ्या सीएनसीवाल्याला पीडीएफपेक्षा १९८२ पासून चालत आलेली डीएक्सएफ बरी पडते, कारण त्याच्या मशीनला चित्र नको, रेघांचे आकडे हवेत. मशीनचा सुटा भाग बनवून घ्यायचा असेल तर स्टेप फाइल. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा. फोटो म्हणून पाठवलं की अॅप त्याचा आकार कमी करतं आणि सगळ्यात आधी जातात ते बारीक आकडे.

धाराशिव की धारासिंव?

बर्जेस आला तेव्हा गावाचं नाव उस्मानाबाद नव्हतं. ते नाव नंतर, निझाम मीर उस्मान अली खान याच्यावरून पडलं. तेव्हा जिल्ह्याचं ठाणं नळदुर्ग होतं. रेल्वे १८६० मध्येच सोलापूरपर्यंत पोचली होती, पण धाराशिवला नव्हती.

बर्जेसने रोमन लिपीत गावाचं नाव लिहिलं ते साधारण धारासिंव असं वाचता येईल. त्यामुळं आज कुणी उस्मानाबाद किंवा धाराशिव असं टाकून त्याच्या पुस्तकात शोधलं तर हाती काहीच लागत नाही. ड्रॉइंग आहे, उघडतंय, पण सापडत नाही. फायनल, फायनल-टू आणि फायनल-नवीन अशा नावांच्या फाइलींमध्ये हरवलेल्या कुणालाही हे दुःख कळेल. गावाचं नाव २०२३ मध्ये पुन्हा अधिकृतपणे धाराशिव झालं, म्हणजे बर्जेसच्या स्पेलिंगच्या निदान जरा जवळ आलं.

लेण्यांमधलं दुसऱ्या क्रमांकाचं लेणं सगळ्यात मोठं. त्याचं सभागृह सुमारे ८० फूट लांब आणि जवळपास तितकंच रुंद आहे. भोवती खोल्या, मागे गाभारा. मांडणी अजिंठ्याच्या वाकाटक काळातल्या विहारांची आठवण करून देते. ही लेणी कुणाची, हा वाद मात्र जुना आहे. बर्जेसने १८८० च्या ग्रंथात त्यांना जैन लेण्यांच्या भागात ठेवलं. नंतरच्या काही अभ्यासकांनी म्हटलं की ती मुळात बौद्ध, पुढं जैन झाली. अकराव्या शतकातल्या मुनी कनकामर यांच्या करकंडचरिउ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्याची आणि तिथल्या पार्श्वनाथाच्या मूर्तीची कथा येते, तिचाही दाखला दिला जातो.

वाद मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंचे लोक बोट ठेवतात त्या आराखड्यावर सभागृह जैन आहे की बौद्ध हे लिहिलेलं नसतं. तिथं भिंत कुठं आहे, खांब किती आहेत, मूर्तीची जागा कुठं आहे, एवढंच असतं. मत मजकुरात, मोजमाप प्लेटवर. बर्जेसचं मत उद्या पूर्ण चुकीचं ठरलं तरी त्याचं ड्रॉइंग रद्द होत नाही.

आणि तो चुकायचाही. धाराशिवपासून जवळच असलेलं तेर हेच ग्रीक आणि रोमन लेखकांनी उल्लेखलेलं तगर, ही ओळख जे. एफ. फ्लीटने १९०१ मध्ये मांडली. त्याच वर्षी बर्जेसचाच जुना सहाय्यक हेन्री कझिन्स तेरला गेला आणि तिथल्या विटांच्या त्रिविक्रम मंदिराकडं अभ्यासकांचं लक्ष वेधलं. पंचवीस वर्षांपूर्वी या परिसरात मोजणी करणाऱ्या बर्जेसच्या हातून ही गोष्ट निसटली होती.

कागदाचा ठसा व्हिएन्नाला

ड्रॉइंगपेक्षाही नाजूक प्रश्न शिलालेखांचा होता. पश्चिम भारतातल्या लेण्यांमध्ये शेकडो लेख आहेत, झिजलेले, फुटलेले, अर्धवट.

सोपा उपाय म्हणजे बघून उतरवणं. पण माणूस बघतो ते लिहित नाही, त्याला जे कळलं ते लिहितो. झिजलेलं अक्षर त्याला क वाटलं तर कागदावर ठसठशीत क येणार, आणि मूळ दगडावर शंका होती हे पुढच्या माणसाला कधीच कळणार नाही. छापखान्याचे खिळे वापरले तर आणखी गोंधळ, कारण खिळ्यातलं प्रत्येक अक्षर एकसारखं. अक्षराच्या वळणावरून लेखाचा काळ ठरवायचा असतो, आणि नेमकं वळणच पुसलं जातं.

म्हणून कागदाचा ठसा. भिजवलेला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत घालायचा, वाळला की अलगद काढायचा. वर शाईचा बोळा फिरवला तर काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं उमटतात. दगडाची भेगही येते, टवकाही येतो. वाचणाऱ्याने ठरवायचं काय अक्षर आणि काय भेग.

या कामात जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर तयार झालेला हा माणूस लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांचा त्या काळातला पट्टीचा वाचक. १८८१ मध्ये पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या शिलालेखांचं पुस्तक बर्जेस आणि भगवानलाल अशा दोघांच्या नावाने निघालं. सरकारी अहवालाच्या मुखपृष्ठावर एतद्देशीय पंडिताचं नाव साहेबाच्या बरोबरीने येणं तेव्हा सर्रास घडत नव्हतं. ड्राफ्ट्समन मंडळींच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. अहवालांच्या मुखपृष्ठावर नाव बर्जेसचं आहे. ज्या हातांनी लेण्यात टेप धरली आणि ऑफिसात रेघा मारल्या, ते हात शोधायला आज मेहनत घ्यावी लागते.

ठसे पुढं दूर जायचे. जॉर्ज ब्यूलर हा जर्मन पंडित मुंबई इलाख्यात बरीच वर्षं काम करून १८८१ मध्ये व्हिएन्नाला प्राध्यापक झाला होता. बर्जेसच्या १८८३ च्या दोन खंडांमध्ये, म्हणजे बौद्ध लेण्यांवरच्या आणि वेरूळवरच्या, अनेक लेखांचं वाचन त्याचं आहे. सह्याद्रीतल्या कातळावरचं अक्षर युरोपात बसून वाचता येत होतं, ते या ठशांमुळं आणि त्यांच्यावरून छापलेल्या प्लेट्समुळं.

बर्जेसने १८७२ मध्येच इंडियन अँटिक्वेरी हे मासिक सुरू केलं होतं. भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून ते निघायचं आणि १८८४ पर्यंत तोच त्याचा संपादक होता. १८८८ मध्ये त्याने फक्त शिलालेखांसाठी एपिग्राफिया इंडिका सुरू केलं. त्याची मांडणी ठरलेली होती: लेख कुठं आहे, कसा आहे, वाचन, भाषांतर आणि ठशाची प्लेट. वाचन पटलं नाही तर प्लेट समोर आहे, तुम्ही वाचा.

कचेरी बंद, ड्रॉइंग पेटीत

१८८१ मध्ये दक्षिण भारताचं सर्वेक्षणही बर्जेसकडं आलं. १८८६ मध्ये तो संपूर्ण भारताच्या पुरातत्त्व खात्याचा महासंचालक झाला आणि तीनच वर्षांत, १८८९ मध्ये, निवृत्त होऊन एडिंबराला गेला. त्याच्यानंतर ते पद सरकारने भरलंच नाही. काटकसर हे कारण होतं. १९०२ मध्ये जॉन मार्शल येईपर्यंत खात्याला महासंचालक नव्हता.

इथं ड्रॉइंगच्या सगळ्या जातींना एकच धोका होता. मोजून, काढून तयार असलेलं काम छापलंच गेलं नाही तर ते पुन्हा गिलच्या कॅनव्हाससारखं एकट्या प्रतीत अडकतं. बर्जेसने एडिंबऱ्यात बसून जमेल तेवढं बाहेर काढलं. भारतातल्या वास्तूंच्या फोटोंचे मोठे खंड १८९७ पासून निघाले. अहमदाबादच्या मुस्लिम वास्तुकलेवरचे दोन भाग १९०० आणि १९०५ मध्ये आले. फर्ग्युसन १८८६ मध्ये गेला होता, त्याच्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासाची सुधारित आवृत्ती बर्जेसने १९१० मध्ये काढली. तेव्हा त्याचं वय ७८ होतं.

आणि मध्येच गणित

निवृत्तीनंतरच्या काळात त्याने आणखी एक गोष्ट केली, तिचा लेण्यांशी संबंध नाही, पण माणूस कसा होता ते त्यातून दिसतं.

संख्याशास्त्रात चुकांचं वितरण काढायला लागणारं एक समाकल आहे. इंग्रजीत त्याला एरर फंक्शन म्हणतात. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात त्याच्या किमती कोष्टकातूनच बघाव्या लागायच्या. बर्जेसने त्या हाताने काढल्या, काही तर दशांश चिन्हापुढं पंधरा स्थळांपर्यंत, आणि १८९८ च्या सुमारास रॉयल सोसायटी ऑफ एडिंबराच्या नियतकालिकात कोष्टकं छापली. सोसायटीने त्यासाठी त्याला कीथ पदक दिलं. ज्याला जगभर लेण्यांचा माणूस म्हणून ओळखत होते, त्याला मिळालेलं हे पदक आकडेमोडीचं होतं. कोष्टकातही त्याचा हिशोब तोच दिसतो: पुढच्या माणसाला पुन्हा सगळं मोजायला लागू नये.

ऑक्टोबर १९१६ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, बर्जेस एडिंबऱ्यात वारला. त्याच वर्षी हेन्री कझिन्सचं विजापूरच्या वास्तूंवरचं मोठं पुस्तक ड्रॉइंगसकट छापून आलं. कझिन्स १८८१ मध्ये बर्जेसच्या हाताखाली रुजू झाला होता. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचं त्याचं पुस्तक यायला १९३१ साल उजाडलं, म्हणजे त्या नोकरीला लागून पन्नास वर्षं झाली होती. त्यातल्या प्लॅनच्या खालीही फुटांची पट्टी आहे.